जपानची ताइसेई बांधकाम कंपनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताइसेई ही नेमकी कोणती कंपनी, आणि जपानमध्ये तिचे स्थान काय?

ताइसेई ही इमारती, बोगदे, धरणे, पूल, विमानतळ आणि क्रीडागारे बांधणारी जपानी कंपनी असून तिचे मुख्यालय तोक्योच्या शिंजुकू भागात आहे. पूर्ण प्रकल्पाची जबाबदारी एकहाती घेणाऱ्या अशा कंत्राटदारांना जपानी लोक ‘झेनेकोन’ म्हणतात, आणि त्यांतील ताकेनाका, शिमिझु, काजिमा, ताइसेई व ओबायाशी या पाच सर्वांत मोठ्या मानल्या जातात. ताकेनाकाचा उगम १६१० सालचा, शिमिझुचा १८०४ चा, काजिमाचा १८४० चा, ताइसेईचा १८७३ चा आणि ओबायाशीचा १८९२ चा. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात ताइसेईची उलाढाल २ लाख कोटी येनांहून अधिक होती.

या पाचांत ताइसेई दोन बाबतींत वेगळी आहे. इतर घराण्यांपैकी बहुतेकांचे मूळ पुरुष सुतार किंवा बांधकाम करणारे कारागीर होते. ताइसेईचा संस्थापक व्यापारी होता, तोही बंदुकांचा. दुसरे असे की कंपनीवर आज कोणत्याही घराण्याची मालकी नाही. ताइसेईच्या वाढीतल्या बऱ्याच गोष्टी या दोन मुद्द्यांशी येऊन भिडतात, म्हणून त्यांची उत्तरे पुढे जरा सविस्तर दिली आहेत.

बंदुकांचा व्यापारी बांधकामात कसा आला?

ओकुरा किहाचिरो यांचा जन्म १८३७ साली एचिगो प्रांतातील शिबाता गावी, म्हणजे आजच्या निइगाता प्रांतात झाला. तरुणपणी ते एदोला (आजचे तोक्यो) आले, एका सुक्या मासळीच्या दुकानात राबले, मग स्वतःचे वाणसामानाचे दुकान घातले. शोगुनशाही (जपानची जुनी सरंजामी लष्करी राजवट) कोसळण्याची चिन्हे दिसू लागताच, लढाई होणार म्हणजे शस्त्रे लागणार हे ओळखून त्यांनी १८६७ साली बंदुकांचे दुकान काढले. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि ओकुरांचे नशीब फळफळले. मात्र हा पैसा त्यांनी नुसता साठवून ठेवला नाही. १८७२ साली ते स्वखर्चाने अमेरिका व युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेथे जपान सरकारच्या इवाकुरा शिष्टमंडळातील बड्या मंडळींशी त्यांची ओळख झाली, आणि परत येताच १८७३ साली त्यांनी गिंझा भागात ‘ओकुरा-गुमी शोकाइ’ ही व्यापारी पेढी स्थापन केली. १८७४ मध्ये या पेढीने लंडनला शाखा उघडली. परदेशात शाखा काढणारी ती पहिली जपानी पेढी मानली जाते.

शोगुनशाहीच्या जागी आलेल्या मेइजी सरकारला त्या काळी सगळेच एकदम हवे होते: रेल्वे, बराकी, कारखाने, विटांच्या इमारती. जुन्या सुतार-घराण्यांकडे हस्तकौशल्य होते, पण परदेशी यंत्रे मागवणे, मोठ्या रकमा उभ्या करणे आणि सरकारी खात्यांशी व्यवहार करणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ओकुरांकडे नेमके तेच होते. ब्रिटिश वास्तुविशारद जोसाया काँडर यांनी आखलेले ‘रोकुमेइकान’, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठीचे तोक्योतील सरकारी सभागृह, १८८३ साली ओकुरांच्या माणसांनी उभे केले. त्याच्या आदल्या वर्षी गिंझातील ओकुरांच्या दुकानासमोर विजेचा कमान-दिवा (आर्क लॅम्प) लावून दाखवला गेला, तेव्हा तो पाहायला लोटलेली गर्दी चित्रकारांनी रंगीत छापांतून अमर केली. ही नवलाई होऊ घातलेल्या वीज कंपनीच्या जाहिरातीसाठी होती, आणि त्या कंपनीतही ओकुरांचा पैसा होता.

‘निप्पोन दोबोकु’ ही कंपनी ताइसेईचीच का?

होय, ताइसेईच्या वंशावळीत ती येते. १८८७ साली ओकुरा, उद्योगपती शिबुसावा एइइची आणि ओसाकाचे फुजिता देनझाबुरो यांनी मिळून निप्पोन दोबोकु स्थापन केली. जपानमधील कंपनीच्या स्वरूपाची ती पहिली बांधकाम संस्था. तोक्योचे पहिले इम्पीरिअल हॉटेल (१८९०) तिच्याच हातून झाले. परंतु तिचे पोट प्रामुख्याने सरकारकडून थेट मिळणाऱ्या कामांवर भरत होते, आणि १८८९ च्या लेखा कायद्याने खुल्या निविदांची पद्धत आणताच तो आधार गेला. १८९२ मध्ये कंपनी विसर्जित झाली आणि तिची कामे एकट्या ओकुरांनी ‘ओकुरा दोबोकु-गुमी’ या नावाने पुढे चालवली.

आशियातली पहिली भुयारी रेल्वे ताइसेईने बांधली, हे खरे आहे का?

खरे आहे, फक्त तेव्हा कंपनीचे नाव ओकुरा दोबोकु होते. तोक्योतील उएनो ते असाकुसा हा २.२ किलोमीटरचा मार्ग ३० डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाला. आज तो गिंझा मार्गिकेचा भाग आहे. रस्ता खणायचा, खाली पेटीसारखी चौकट उभारायची, वर तात्पुरत्या फळ्या टाकून वाहतूक चालू ठेवायची आणि शेवटी माती भरून रस्ता पूर्ववत करायचा, अशी ती पद्धत होती. १९२३ च्या भीषण भूकंपातून शहर नुकतेच सावरत असताना जमिनीखालून रेल्वे नेण्यासाठी पैसे घालणारे भागधारक मिळवणे हेच, माझ्या मते, खोदाईपेक्षा अवघड काम असावे.

कंपनीचे नाव ‘ताइसेई’ का पडले, आणि ती घराण्याच्या हातून कशी सुटली?

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या ताबा-प्रशासनाने जपानमधील ‘झाइबात्सु’, म्हणजे बड्या घराण्यांच्या उद्योगसाखळ्या, मोडीत काढल्या. ओकुरा घराणे त्यांत होते. या घराण्याची संपत्ती बांधकामापुरती मर्यादित नव्हती. मांचुरियातील, म्हणजे ईशान्य चीनमधील, बेन्शी येथील कोळशाच्या खाणी व लोखंडाचा कारखाना हा तिचा मोठा भाग होता, आणि जपानी सैन्य जिथे पोहोचले तिथे ओकुरांचा व्यापार पोहोचला, हे तिच्या इतिहासातून वगळता येत नाही.

१९४६ मध्ये ओकुरा दोबोकुला आपले नाव बदलावे लागले. नवे नाव शोधताना कंपनीतील माणसांनी १९२८ साली निवर्तलेल्या संस्थापकाच्या मरणोत्तर बौद्ध नावाकडे पाहिले. त्यातील आरंभीची दोन अक्षरे घेऊन ‘ताइसेई’, म्हणजे महान सिद्धी, हे नाव ठरले. घराण्याचे नाव गेले, पण संस्थापक अशा आडवाटेने पाटीवर राहिलाच. पुढे घराण्याकडील भाग (शेअर) विक्रीला निघाले, तेव्हा ते कंपनीतील अधिकारी व कर्मचाऱ्यांनी विकत घेतले. भरभराटीच्या काळात ही गोष्ट साधी वाटेल. युद्धाने बेचिराख झालेल्या, अन्नाचीही टंचाई असलेल्या देशात नोकरदारांनी आपल्याच कंपनीचे भाग विकत घेणे म्हणजे भविष्यावर मोठा डाव लावणे होते.

याचा परिणाम पुढेही टिकला. इतर मोठ्या झेनेकोनमध्ये संस्थापक घराण्यातील व्यक्ती किंवा जावई दीर्घकाळ प्रमुखपदी दिसतात, तर ताइसेईत साइटवरून किंवा कार्यालयातून वर चढलेले नोकरदारच अध्यक्ष होत आले. ओकुरांच्या मूळ व्यापारी पेढीची वारस असलेली ओकुरा शोजी १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि तिची एकेकाळची बांधकाम शाखा मात्र जगली.

युद्धोत्तर काळात कंपनी इतकी झपाट्याने कशी वाढली?

एका वाक्यात सांगायचे तर देशालाच सगळे नव्याने बांधायचे होते. जपानच्या ‘उत्तर आल्प्स’ पर्वतरांगेतील कुरोबे चौथ्या जलविद्युत प्रकल्पाच्या (१९६३) पाच विभागांपैकी एक ताइसेईकडे होता. १८६ मीटर उंचीच्या धरणासह त्या प्रकल्पाने १७१ माणसांचा बळी घेतला. कंपनीची ओळख मात्र ठळक झाली ती १९६४ या एकाच वर्षातील दोन कामांमुळे.

पहिले काम फुजी पर्वताच्या माथ्यावरील हवामान रडारचे. सप्टेंबर १९५९ च्या इसे उपसागरातील वादळात पाच हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि समुद्रावरचे वादळ लवकर दिसायला हवे असेल तर रडार उंचावर हवे, असे हवामान खात्याने ठरवले. फुजीची उंची ३,७७६ मीटर. तिथून सुमारे ८०० किलोमीटरपर्यंतचे दिसणार होते. पण शिखरावर काम करता येते ते उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांतच, म्हणून १९६३ व १९६४ चे दोन उन्हाळे हाताशी होते. विरळ हवेने कामगारांची डोकी गरगरत, काही जण दोन-तीन दिवसांत खाली परतत. साहित्य घोड्यांच्या पाठीवरून, माणसांच्या पाठीवरून आणि सरपटत चढणाऱ्या बुलडोझरवरून वर गेले. घुमटाचा सुमारे ६०० किलोचा सांगाडा हेलिकॉप्टरने आणायचा होता आणि विरळ हवेत ते यंत्र जेमतेम एवढाच भार पेलणार होते. ऑगस्ट १९६४ मध्ये वाऱ्याने उसंत दिलेल्या थोडक्या वेळात तो सांगाडा नेमका त्याच्या चौथऱ्यावर उतरवला गेला. उपग्रह आल्यावर १९९९ मध्ये हे रडार बंद झाले, आणि तो घुमट आज पायथ्याच्या फुजियोशिदा गावात पाहायला मिळतो.

दुसरे काम तोक्यो ऑलिम्पिकसाठीचे हॉटेल न्यू ओतानी. जपानमध्ये इमारतीची उंची ३१ मीटरपर्यंत मर्यादित होती. ही मर्यादा १९६३ च्या दुरुस्तीने शिथिल झाली आणि १७ मजल्यांच्या या हॉटेलासाठी ताइसेईला मिळाले १७ महिने. हजाराहून अधिक खोल्यांची न्हाणीघरे नेहमीप्रमाणे बांधायची, म्हणजे प्रत्येक न्हाणीघरात गवंडी, नळजोडणीवाला, फरशीवाला हे सारे एकामागून एक जायचे, आणि तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता. म्हणून टब, बेसिन आणि भिंतींचे भाग कारखान्यात जोडून आणून खोलीत नुसते बसवायचे ठरले. जपानमधील तयार न्हाणीघरांचा उद्योग या घाईतून जन्मला. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या इमारतींत तयार शौचालयाची खोकी क्रेनने चढवताना दिसतात, त्या कल्पनेचे मूळ शोधायचे तर ते इथपर्यंत येते.

एवढी मोठी कंपनी सगळे कामगार स्वतःच ठेवते का?

नाही, आणि हाच सर्वांत गैरसमजाचा मुद्दा आहे. ताइसेईच्या हेल्मेटखाली साइटवर दिसणारी माणसे प्रामुख्याने अभियंते, नियोजक आणि पर्यवेक्षक असतात. सळई बांधणारे, सेंटरिंग करणारे, परांची उभारणारे, क्रेन चालवणारे हे सारे पोटकंत्राटदारांचे असतात, आणि त्या पोटकंत्राटदारांखालीही आणखी एक-दोन थर असतात. आपल्याकडील मुकादम-टोळीच्या रचनेशी याचे साम्य लगेच लक्षात येईल. फरक असा की जपानी पोटकंत्राटदार वर्षानुवर्षे एकाच मोठ्या कंपनीशी बांधलेला असतो, त्यांची संघटना असते, आणि एका साइटवर घोळ घातला तर पुढची साइट मिळणार नाही याची धास्ती लेखी करारापेक्षा जास्त काम करते.

साइटचा सर्वेसर्वा ‘शोचो’, म्हणजे साइटप्रमुख. खर्च, मुदत, गुणवत्ता, अपघात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी या सगळ्यांचे उत्तर त्याच्याकडून मागितले जाते. दिवस सुरू होतो तो सगळ्यांनी मिळून केलेल्या रेडिओ-व्यायामाने, मग त्या दिवशीच्या कामात कुठे धोका आहे हे प्रत्येक टोळी मोठ्याने बोलून दाखवते. प्रथम पाहणाऱ्याला हा शाळेच्या प्रार्थनेसारखा उपचार वाटतो, परंतु कालच्या पावसाने कुठली फळी निसरडी झाली आहे हे सांगणारा माणूस याच पाच मिनिटांत सापडतो.

आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे आराखडा आणि बांधकाम एकाच घरात. भारतात बहुतेकदा वास्तुविशारद व सल्लागार वेगळे आणि कंत्राटदार वेगळा असतो. ताइसेईकडे स्वतःचा मोठा आराखडा विभाग आहे आणि योकोहामातील तोत्सुका येथे संशोधन केंद्रही आहे. वर्षभरात स्वतःच्या गरजेएवढी ऊर्जा स्वतःच निर्माण करण्याचे लक्ष्य ठेवलेली एक प्रायोगिक इमारत २०१४ मध्ये तिथे बांधली गेली.

भूकंपाबाबत कंपनीने वेगळे काय केले?

एकच उदाहरण पुरेसे आहे, कारण ते कंपनीच्या स्वतःच्या घरातले आहे. शिंजुकूची सेंटर बिल्डिंग ही ५४ मजली इमारत १९७९ मध्ये पूर्ण झाली आणि मुख्यालय तिथेच आहे. उंच इमारती दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांनी दीर्घकाळ डुलतात, हे नंतरच्या काळात अधिक स्पष्ट झाले, तेव्हा २००९ मध्ये मधल्या मजल्यांवर २८८ तेलभरित डॅम्पर, म्हणजे डुलणे शोषून घेणारी साधने, बसवण्यात आले. भाडेकरूंना हलवले नाही, काम चालू इमारतीतच झाले. दोनच वर्षांनी, ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात, इमारत दहा मिनिटांहून अधिक डुलली. माथ्यावरचा झोका सुमारे अर्ध्या मीटरचा होता, आणि डॅम्परमुळे तो सुमारे एक पंचमांशाने कमी झाला, असे गणिताने दाखवले.

इस्तंबूलच्या सामुद्रधुनीखालचा बोगदा इतका कठीण का मानला जातो?

मार्मराय प्रकल्पात युरोप आणि आशिया बॉस्फरस सामुद्रधुनीच्या तळाखालून रेल्वेने जोडायचे होते. तशी कल्पना ऑटोमन सुलतान अब्दुलमजीद यांच्या काळात, १८६० च्या सुमारास, कागदावर आली होती. प्रत्यक्ष कंत्राट २००४ मध्ये ताइसेईच्या नेतृत्वाखालील समूहाला मिळाले. तुर्कस्तानच्या गामा आणि नुरोल या कंपन्या त्यात भागीदार होत्या.

समुद्राखालून जाण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे यंत्राने जमीन पोखरत जाणे. ठाणे खाडीखालील बुलेट ट्रेनचा बोगदा याच जातीचा आहे. दुसरा म्हणजे तळाला लांब चर खणून त्यात काँक्रीटच्या तयार पेट्या बुडवणे. बॉस्फरसच्या पात्रात मुख्य भागासाठी दुसरा मार्ग निवडला गेला. सुमारे १.४ किलोमीटरच्या लांबीसाठी ११ पेट्या तयार झाल्या. त्यांतील मोठ्या पेट्या १३५ मीटर लांब आणि सुमारे १८,००० टन वजनाच्या होत्या. गोदीत ओतलेल्या या पेट्या दोन्ही टोके बंद करून तरंगवत आणायच्या, पोटात पाणी भरून हळूहळू बुडवायच्या, आणि आधीच्या पेटीला इंचाइंचाने भिडवायच्या. भिडल्यावर दोन पेट्यांच्या मधले पाणी उपसले की बाहेरच्या समुद्राचा दाब नव्या पेटीला मागून ढकलतो आणि सांध्यातील रबरी पट्टा चेपून घट्ट बसतो. म्हणजे ज्या पाण्याची भीती, त्याच पाण्याकडून सांधा आवळून घ्यायचा. सर्वांत खोल ठिकाण समुद्रपातळीखाली सुमारे ६० मीटरवर आहे, आणि अशा प्रकारच्या बोगद्यांत ही खोली तोवर कोणी गाठली नव्हती.

खरी अडचण प्रवाहाची होती. बॉस्फरसमध्ये वरचे पाणी काळ्या समुद्राकडून मार्मराकडे वाहते आणि खालचे, अधिक खारे पाणी त्याच्या उलट दिशेने. त्यामुळे दोरांवर टांगलेली १८,००० टनांची पेटी खाली जाताना आधी एकीकडे ओढली जाते आणि मग दुसरीकडे. प्रवाह वाऱ्या-पावसाप्रमाणे बदलतो, म्हणून तो आगाऊ वर्तवण्याची व्यवस्था उभारून, मंदावलेल्या वेळा शोधून पेट्या बुडवल्या गेल्या. हे सारे जगातील सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एकावर, जहाजांची ये-जा सांभाळत. शिवाय उत्तर अनातोलियन भूकंपरेषा तिथून वीस किलोमीटरच्या आत असल्याने सांध्यांना लवचीकपणा ठेवावा लागला.

पेट्या २००८ पर्यंत तळाशी बसल्या, पण मार्ग सुरू व्हायला आणखी पाच वर्षे गेली. येनिकापी स्थानकासाठी खणताना बायझंटाइन काळातील बंदर आणि तीसहून अधिक बुडालेली जहाजे सापडली आणि कुदळीची जागा पुरातत्त्वज्ञांच्या कुंचल्यांनी घेतली. अखेर २९ ऑक्टोबर २०१३ रोजी, तुर्की प्रजासत्ताकाच्या नव्वदाव्या वर्धापनदिनी, गाडी धावली.

तोक्योच्या राष्ट्रीय क्रीडागाराचा वाद काय होता?

१९५८ चे जुने राष्ट्रीय क्रीडागार ताइसेईनेच बांधले होते. नव्या क्रीडागारासाठी आधी वास्तुविशारद झाहा हदीद यांचा आराखडा निवडला गेला. अंदाजित खर्च २५२ अब्ज येनांवर पोहोचल्याने जुलै २०१५ मध्ये सरकारने तो रद्द केला आणि आराखडा व बांधकाम एकत्रित मागवणारी नवी स्पर्धा घेतली. वास्तुविशारद केंगो कुमा आणि अझुसा सेक्केई ही आराखडा संस्था यांच्यासह ताइसेईने ती जिंकली. सुमारे १४९ अब्ज येन खर्चात आणि ३६ महिन्यांत, नोव्हेंबर २०१९ अखेर काम पूर्ण झाले. छज्जांत देशाच्या सर्व ४७ प्रांतांतील लाकूड आहे.

घाईची किंमत मात्र कोणी तरी दिली. २०१७ च्या वसंतात एका पोटकंत्राटदाराच्या २३ वर्षांच्या पर्यवेक्षकाने आत्महत्या केली. मृत्यूपूर्वीच्या महिन्यात त्याने १९० तासांहून अधिक जादा काम केले होते, आणि कामगार खात्याने हा मृत्यू कामाच्या अतिताणामुळे झाल्याचे मान्य केले. वेळेत पूर्ण झालेल्या या कामाचे कौतुक करताना हा तरुण वगळला, तर हिशेब अपुरा राहतो.

इमारती पाडण्याची ‘टोपी’ पद्धत म्हणजे काय?

दाटीवाटीच्या शहरात उंच इमारत स्फोटाने पाडता येत नाही, आणि उघड्यावर तोडली तर धूळ व आवाज शेजाऱ्यांना छळतो. ताइसेईच्या ‘तेकोरेप’ पद्धतीत माथ्याचे छत तसेच ठेवून ते तात्पुरत्या खांबांवर टोपीसारखे तोलतात, आतल्या झाकलेल्या जागेत दोन मजले तोडतात, आणि जॅकने टोपी खाली उतरवतात. साधारण दहा दिवसांत दोन मजले असा हा वेग. २०१२-१३ मध्ये तोक्योचे ३९ मजली, सुमारे १४० मीटर उंचीचे अकासाका प्रिन्स हॉटेल असे पाडले गेले. बाहेरून पाहणाऱ्यांना इमारत तुटताना दिसतच नव्हती, ती महिन्यागणिक बुटकी होत गेली. राडारोडा खाली उतरवताना क्रेनच्या ब्रेकमधून वीजही मिळवली जात होती. मुंबईत पुनर्विकासासाठी उंच इमारती पाडण्याचे दिवस येतील तेव्हा ही पद्धत अभ्यासण्याजोगी ठरेल.

ताइसेईने भारतात काही बांधले आहे का? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनमध्ये ती आहे का?

भारतातील तिचे ठळक काम पश्चिम बंगालमधील पुरुलिया उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे. अजोध्या डोंगरातील ९०० मेगावॅटच्या या प्रकल्पाची मुख्य स्थापत्य कामे जपानी कर्जाच्या साह्याने ताइसेईने केली आणि २००७-०८ मध्ये तो कार्यान्वित झाला. रात्री वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, हे तत्त्व महाराष्ट्रातील वाचकांना घाटघर प्रकल्पामुळे परिचित आहे. सह्याद्रीच्या कड्याचा उपयोग करणारा २५० मेगावॅटचा तो प्रकल्पही जपानी कर्जातूनच उभा राहिला.

बुलेट ट्रेनबाबत उत्तर नकारार्थी आहे. तंत्रज्ञान व कर्ज जपानचे असले तरी महाराष्ट्रातील मोठी स्थापत्य कंत्राटे भारतीय कंपन्यांकडे आहेत: वांद्रे-कुर्ला संकुलातील स्थानक मेघा व एचसीसी यांच्या समूहाकडे, ठाणे खाडीखालून जाणारा २१ किलोमीटरचा बोगदा अफकॉन्सकडे, आणि शिळफाट्यापासून गुजरात सीमेपर्यंतचा १३५ किलोमीटरचा टप्पा लार्सन अँड टुब्रोकडे.

कंपनीच्या नावावर कोणते मोठे अपयश किंवा गैरप्रकार आहेत?

तीन प्रकरणे जाणून घेतलीच पाहिजेत. २६ सप्टेंबर २००७ रोजी व्हिएतनाममधील कान थो पुलाच्या जोडमार्गाचा बांधकामाधीन भाग कोसळून पन्नासहून अधिक कामगार ठार झाले. ताइसेई, काजिमा आणि निप्पोन स्टील यांचा समूह तिथे काम करत होता. तात्पुरत्या आधारखांबाचा पाया खचल्याचे चौकशीत पुढे आले. ५५० मीटरच्या मुख्य गाळ्याचा हा पूल २०१० मध्ये खुला झाला. बांधकामात कायमच्या भागाइतकेच हिशेब तात्पुरत्या आधारांचे करावे लागतात, हा धडा प्रत्येक अभियंत्याला शिकवला जातो आणि तरीही दर काही वर्षांनी कुठे ना कुठे पुन्हा शिकावा लागतो.

दुसरे प्रकरण निविदांतील संगनमताचे, ज्याला जपानीत ‘दांगो’ म्हणतात. कोणते काम कोणी घ्यायचे हे आधीच आपापसांत ठरवण्याची ही जुनी खोड. मक्तेदारीविरोधी कायदा कडक झाल्यावर, २००५ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी ती सोडल्याचे जाहीर केले. पण चुंबकीय रेल्वेच्या, म्हणजे लिनिअर चुओ शिंकान्सेनच्या, स्थानकांच्या कंत्राटांत ओबायाशी, शिमिझु, ताइसेई आणि काजिमा या चौघांवर २०१८ मध्ये खटला भरला गेला. पहिल्या दोघांनी गुन्हा कबूल केला. ताइसेई व काजिमा यांनी लढा दिला आणि २०२१ मध्ये प्रत्येकी २५ कोटी येनांचा दंड झाला. दंडाचा आकडा या कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे. टोचली ती बदनामी.

तिसरे प्रकरण ताजे आणि तांत्रिकदृष्ट्या अधिक बोलके आहे. साप्पोरोत उभ्या राहत असलेल्या २६ मजली इमारतीच्या पोलादी सांगाड्याची मोजमापे ठरलेल्या मर्यादेबाहेर होती, आणि साइटवरून मालकाला खोटे आकडे कळवले गेले. मार्च २०२३ मध्ये हे उघड झाले तेव्हा सांगाडा पंधराव्या मजल्यापर्यंत पोहोचला होता. कंपनीने जमिनीवरील बांधकाम उतरवून पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला, पूर्तता दोन वर्षांहून अधिक लांबली आणि वरिष्ठ संचालकांना पायउतार व्हावे लागले. मिलिमीटरच्या फरकासाठी पंधरा मजले उतरवणे अतिरेकी वाटेल. परंतु मोजणीच खोटी निघाल्यावर उरलेल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

सध्या कंपनीपुढची सर्वांत मोठी अडचण कोणती?

कामांची टंचाई नाही, माणसांची आहे. जपानमधील बांधकाम कामगारांपैकी तिघांत एकाहून अधिक जण ५५ वर्षांवरील आहेत. त्यात एप्रिल २०२४ पासून जादा कामावरील कायदेशीर मर्यादा, विशेष परिस्थितीतही वर्षाला ७२० तास, या उद्योगाला लागू झाली. यामुळे यंत्रे, कारखान्यात ओतलेले तयार भाग आणि इतर कंपन्या ताब्यात घेणे यांवर भर वाढला आहे. पूर्वताणित काँक्रीटमध्ये (पोलादी तारा ताणून बळकट केलेल्या काँक्रीटमध्ये) मुरलेल्या पी. एस. मित्सुबिशी या कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल ताइसेईने २०२३ च्या अखेरीस घेतले, ते याच हिशेबाने.

मराठी तरुणांना अशा कंपन्यांच्या साइटवर काम मिळू शकते का?

मिळू शकते, मात्र दोन वाटा वेगळ्या आहेत. पदवीधर अभियंत्यांसाठी अभियंता-व्हिसा असतो आणि निवड थेट कंपनी करते. कुशल कामगारांसाठी ‘निर्दिष्ट कौशल्य’ या व्हिसाबाबत भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये करार झाला आहे, आणि त्यात बांधकाम क्षेत्र येते. या वाटेने जाणारा कामगार बहुधा मोठ्या कंपनीत नव्हे तर तिच्या पोटकंत्राटदाराकडे रुजू होतो, हे आधीच समजून घ्यावे. दोन्ही ठिकाणी अडते ते भाषेपाशी: सकाळी धोक्याची सूचना मोठ्याने दिली जाते तेव्हा ती जपानीतच असते, आणि ती न समजणाऱ्याला साइटप्रमुख परांचीवर चढू देत नाही.